ओवीचं टोक

कापसाच्या गाड्या यंदाही आल्या. दिवाळी सरली की अकोल्याच्या बाजारापुढं त्यांची रांग लागते आणि दुपारपर्यंत ती आमच्या दारावरून पार नाल्यापर्यंत जाते. बैल सोडलेले, जू जमिनीला टेकलेलं, गाडीवान गाडीखालच्या सावलीत आडवे. मुलानं हे घर बाजाराजवळ घेतलं ते स्वतःच्या कामाच्या सोयीनं. माझ्या सोयीचा तिथं प्रश्न नव्हता. पण या दिवसांत मी खिडकीशी बसते आणि मला बरं वाटतं, हे सांगायला हरकत नाही. वाऱ्यावर कापसाचे पुंजके उडतात, कौलांत अडकतात, वाळत घातलेल्या मिरच्यांवर बसतात आणि सुनेच्या शिव्या खातात. माझ्या पुढ्यातल्या पोथीवरही एखादा येऊन बसतो. त्याला मी लगेच झटकत नाही.

नात इंदू शाळेत जाते. तिथून ती छापील गोष्टींचं पुस्तक आणते, खाणं झालं की उघडते आणि दिवे लागायच्या सुमारास मिटून फडताळात टाकते. “झालं,” म्हणते. काय झालं असं विचारलं तर “वाचून झालं” एवढंच. परवा ती माझ्यासमोर येऊन बसली आणि पाटावरच्या पानांकडं पाहत म्हणाली,

“आजी, हे पोथी तू मांगच्या सालीबी वाचत होती ना?”

“होती.”

“अन् त्याच्या मांगच्या सालीबी?”

“तवाबी.”

“मंग आता काहून वाचून राहिली? राजाले दरवाजा सापडते, हे तं तुले मालूम आहे.”

“मालूम आहे म्हणून तं वाचतो,” मी म्हणाले. उत्तर ऐकायला बरं होतं, पण खरं नव्हतं. वेळ मारून न्यायला दिलेलं होतं. इंदूलाही ते कळलं असावं. तिनं विषय बदलला आणि हसत म्हणाली, “अन् तू पोथी उलटी ठेवली, आजी. माह्याकून सुलटी दिसते, तुह्याकून उलटी.”

तेही बरोबरच होतं. मी पोथी उलटीच ठेवते. सुलटी ठेवली तर मला ती वाचता येत नाही.

आमचा माळीपुरा अमरावतीच्या परकोटाबाहेर, नाल्याच्या काठानं पसरलेला. वांगी, मिरच्या, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि फुलं. इतर गावांत पोथी चातुर्मासात लागते. आमच्याकडं ते जमायचं नाही, कारण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत माळ्याला मान वर करायला सवड नसते. सगळ्या शहराचे देव आमच्या फुलांची वाट पाहत बसलेले. म्हणून दिवाळी आटोपली, झेंडूची झाडं उपटून झाली, की मारुतीच्या देवळात पोथी लागायची आणि संक्रांतीच्या आत तिची समाप्ती व्हायची. हे कोणी ठरवलं होतं ते मला माहीत नाही. देवानं कधी तक्रार केली नाही.

वाचणारे माझे वडील. लोक त्यांना दौलतबुवा म्हणत. त्यांच्या आधी त्यांचे वडील वाचत. पोथी हातानं लिहिलेली, सुट्या लांबट पानांची, दोन फळ्यांमध्ये ठेवून तांबड्या फडक्यात बांधलेली. पहिलं पान कधीचंच गहाळ झालेलं, त्यामुळं तिचं नाव काय आणि लिहिणारा कोण, कोणालाच ठाऊक नव्हतं. लोक तिला ‘दरवाजाची पोथी’ म्हणत. गोष्ट साधी होती. एक राजा शिकारीला जातो, रानातल्या तळ्याचं पाणी पितो आणि आपलं घर विसरतो. नगरात परत येतो, पण आपल्याच महालाचा दरवाजा त्याला ओळखू येत नाही. रोज त्यावरून जातो, रोज पुढं निघून जातो. आत राणी आहे, पिंजऱ्यात बोलका पोपट आहे, आणि दारावर एक म्हातारा द्वारपाळ आहे. द्वारपाळानं राजाला पहिल्याच दिवशी ओळखलेलं असतं. पण शाप असा की कोणी सांगितलं तर दरवाजा कायमचा मिटेल. राजानं आपण होऊन थाप मारली पाहिजे. म्हणून द्वारपाळ रोज त्याला ओंजळीनं पाणी पाजतो आणि गप्प राहतो.

लहानपणी मला या सगळ्यात पोपटाचीच काळजी असायची. एवढं बोलता येतं आणि कोणी बोलू देत नाही, हे मला फार अन्यायाचं वाटे. पुढं सासरी गेल्यावर राणीचेच अध्याय मनात घोळायचे. आता राणी मला थोडी रडकी वाटते. आता मी द्वारपाळाच्या अध्यायापाशी रेंगाळते. पान तेच आहे, शाईही तीच आहे, थोडी फिकी झालेली.

मी वाचायला शिकले ती पोथीच्या पलीकडच्या बाजूनं. बाबा पाटापुढं बसत आणि मी त्यांच्या समोर. काम एवढंच, की त्यांना फुलं द्यायची आणि वाचून झालेलं पान उचलून बाजूच्या थप्पीवर पालथं ठेवायचं. बाबांचं बोट अक्षराखालून सरकायचं आणि तोंडातून ओवी निघायची. वर्षानुवर्षं ते बोट पाहून कोणत्या आकाराला कोणता आवाज लागतो ते माझ्या ध्यानात बसलं. कोणी शिकवलं नाही, मी कोणाला विचारलंही नाही. फक्त माझ्या बाजूनं सगळी अक्षरं डोक्यावर उभी होती. एका पौषात पोथी बांधता बांधता मी एक ओळ मोठ्यानं म्हटली, तेव्हा बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी पान माझ्याकडं सुलटं केलं. मला एक अक्षर ओळखेना. ते इतके हसले की माय फुलांची टोपली घेऊन बाहेर आली.

“सुलटं कराले गेलो तं हेबी जाईन अन् तेबी जाईन,” ते म्हणाले. “राहू दे असंच.”

म्हणून राहिलं. लिहायला मी पुढं मुलाबरोबर पाटीवर शिकले, तेव्हा सुलटी अक्षरंही आली आणि छापील पुस्तकं वाचता येऊ लागली. पण ही पोथी मला आजही त्याच बाजूनं वाचता येते.

एकदा भर उन्हाळ्यात, काही काम नसताना, मी बाबांना म्हटलं, पोथी काढा, वाचू. ते म्हणाले, “आत्ताच तं आयकली व. थोडं इसरू दे.” मग वाफ्यातली माती त्यांनी बोटानं दाबून दाखवली. बोटाला चिकटली. “हे पाह्य. चिकटली का पानी नाई द्याचं. मुळं सडतेत. अन् भेगा पडेपर्यंत थांबलो तंबी नाई जमत.” पोथीबद्दल ते याहून जास्त काही बोलल्याचं मला आठवत नाही. पण पुस्तकाकडं किती दिवसांनी परत जावं, असं कोणी विचारलं, तर माझ्याजवळ एवढंच माप आहे. एखादं आवडलेलं पुस्तक पुन्हा उघडते, दोन ओळी वाचते; पुढची ओळ आपोआप जिभेवर आली तर मिटून ठेवते. त्यातल्या माणसांची नावंसुद्धा आठवेनाशी झाली असतील तर थोडी लाज वाटते, उशीर झाला असं वाटतं. यांच्या मधला एक दिवस असतो. तो बोटाला कळतो.

मी मोठी झाले त्या सुमारास समुद्रापलीकडं कुठंतरी लढाई लागली होती. तिथला कापूस विलायतेला जाईना, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. कोणती लढाई, कोणाची, हे आमच्यात कोणाला नीट माहीत नव्हतं, पण ती लवकर मिटू नये असं पुष्कळांना वाटत होतं. बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंट्या आल्या. ज्याच्या बायकोला कधी नवं लुगडं मिळालं नव्हतं, ती रोजच्या कामाला जरीकाठी नेसून जाऊ लागली आणि कापसाच्या पऱ्हाट्यांत तिचा पदर फाटू लागला. काळ्या जमिनीत ज्वारी दिसेना. माळीपुऱ्यातही लोकांनी वांगी उपटली, मिरच्या उपटल्या, विहिरीच्या थारोळ्यापर्यंत पऱ्हाटी लावली. आमच्या बाबांनी मात्र झेंडूच ठेवला. मायनं पुष्कळ सांगून पाहिलं.

“देवाले कापूस वाह्यतेत का कोनी?” बाबा म्हणाले.

“मंग वाती कायच्या करतेत?” मायनं विचारलं.

बाबांनी तरीही झेंडूच लावला.

त्याच पावसाळ्यात त्यांचे डोळे गेले. एका दिवसात गेले नाहीत. आधी फुलांबरोबर कळ्याही खुडल्या जाऊ लागल्या. मग दोरा सुईत जाईना. दिवसाउजेडी त्यांचं कसंबसं निभायचं, पण सांज झाली की संपलं. एकदा मायनं लावलेला दिवा त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि ते म्हणाले, “दिवा लाव ना व, अंधार पडला.” मायनं माझ्याकडं पाहिलं. मग तिनं काडी काढल्यासारखं, वात पुढं केल्यासारखं उगाच काहीतरी केलं आणि म्हणाली, “लावला.” मी त्या दिवशी जेवले नाही.

माझं लग्न झालेलं होतं आणि पाठवणी व्हायची होती. संक्रांतीनंतर मला बार्शीटाकळीला जायचं होतं.

शेजारच्या वस्तीवर सुदामभाऊ म्हणून कुणबी होता. चांगली जमीन, मोठा आवाज. पोथीच्या बैठकीत त्याचं एक काम होतं. ओवी संपली की श्रोत्यांतल्या एकानं ‘हूं’ म्हणायचं असतं, म्हणजे वाचणाऱ्याला कळतं की ऐकणारं माणूस जागं आहे. हा हुंकाराचा मान त्याच्या घरात होता. त्याच्या बापानंतर तो म्हणे. त्या साली त्याचा कापूस घरात मावेना. माळवदावर, ओसरीत, गोठ्यात, सगळीकडं कापूस. दिवाळीनंतर आभाळ भरून आलं तेव्हा त्यानं उरलेला कापूस मारुतीच्या सभामंडपात आणून रचला आणि मारुतीला नवी घंटा कबूल केली. पोथी लागायच्या तीन दिवस आधी तो आमच्या अंगणात आला.

“बुवा, दुपारची बैठक यंदा नाई जमत. वेचनीले मानसं नाई पुरून राहिले. दिवे लागल्यावर बसू.”

दिवे लागल्यावर म्हणजे काय, ते आम्हा तिघांनाच ठाऊक होतं.

“अन् एक सांगतो, राग नका मानू,” सुदामभाऊ पुढं म्हणाला. “हे पोथी आता पुरे झाली. दरसाल तोच राजा, तोच दरवाजा. हूं म्हनून म्हनून माहा घसा कोरडा झाला बाप्पा. आता चार पैसे आले लोकाईजवळ. पुढच्या सालापासून छापील पोथी आनू, नागपूरकडून एखादा पुरानिक आनू. चांगला आवाजाचा. तुमीबी बसा आमच्यात, निवांत आयका.”

तो दुष्ट नव्हता. त्याला खरोखरच वाटत होतं की बुवांना आता आराम मिळेल.

बाबा पाटावर हात फिरवत होते. म्हणाले, “यंदाची तं लागू द्या, सुदामभाऊ. समाप्ती झाली तं पुढच्या साली मीच वाचीन. मधात खंड पडला तं मी पोथी बांधून ठेवतो, तुमी तुमची लावा.”

“हे कबूल,” सुदामभाऊ म्हणाला.

तो गेल्यावर माय बाबांवर फार चिडली. डोळ्यांनी दिसत नाही आणि पैजा कसल्या लावता, म्हणाली. बाबांनी मला जवळ बोलावलं. “भागे, मले सारी ओवी येते. पन सुरू कुठून होते ते नाई सुचत. टोक देशील?”

टोक म्हणजे ओवीचे पहिले दोन-तीन शब्द. तेवढे मिळाले की पुढची ओवी त्यांच्या गळ्यातून आपोआप यायची; न मिळाले तर ते तसेच बसून राहायचे, विहिरीवर दोर न सापडलेल्या माणसासारखे. इतक्या वर्षांच्या वाचनानं सगळी ओवी त्यांच्याजवळ ठेवली होती, तिचं टोक तेवढं ठेवलं नव्हतं. मी समोर बसणार, हातात दिवा धरणार, पान माझ्याकडून उलटं. मी तोंडातल्या तोंडात टोक देणार, बाबा डोळे मिटून ओवी गाणार, मग डोळे उघडून पानावर वाकणार आणि बोट पुढच्या ओळीवर ठेवणार. बोट कुठं ठेवायचं ते मी पानाला हलकेच टिचकी मारून सांगायची. बघणाऱ्याला वाटावं, बुवा वाचताहेत. आम्ही हे वांग्याच्या वाफ्यात बसून दोन दिवस घोटलं. फसवणूक होती की नव्हती, यावर माझं आजही एक मत नाही. गात तर तेच होते.

त्या बैठकीचं सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर वास. सरकीचा कच्चट वास, एरंडेलाचा धूर, आणि बाबांनी पोथीला वाहिलेल्या शेवंतीचा कडवट वास. सभामंडपात तीन बाजूंना कापूस डोक्याच्या वर गेलेला आणि मधे आम्ही. त्यात आवाज असा मुरायचा की बाबांची ओवी जणू कोणी पांघरूण घालून ऐकवत होतं. आगीच्या भीतीनं सुदामभाऊनं एकाच दिव्याची परवानगी दिली होती, तो मी हातात धरलेला. शेजारी पाण्याचा घडा आणि ओलं पोतं. सुदामभाऊ पोत्याजवळच बसायचा. डोळे दिव्यावर, तोंडानं हूं. दिवसभर वेचून आलेल्या बाया भिंतीशी बसत आणि बोंडांनी ओरखडलेली बोटं चोखत ऐकत. काही तिथंच डुलक्या घेत. मला त्यांचं बरं वाटायचं. झोपलेलं माणूस माझ्या ओठांकडं पाहत नाही.

असे दिवस जात राहिले. पौष लागला. बाबा वाळत चालले होते, कारण जेवताना, फुलं तोडताना, बसल्याजागी ते आज संध्याकाळचा अध्याय जुळवत असायचे. मला वाटायचं, एकदाची समाप्ती होऊ दे. आणि त्याच वेळी वाटायचं, होऊ नये, कारण समाप्ती झाली की मी सासरी जाणार आणि पुढच्या साली यांना टोक कोण देणार. जिंकूनही पुढच्या वर्षी ते हरणारच होते. हे बाबांना सुचलं नव्हतं असं नाही.

द्वारपाळाचा अध्याय शेवटच्या काही अध्यायांतला. त्या संध्याकाळी वारा होता. बाबांनी डोळे मिटून एक लांब ओवी धरली होती, द्वारपाळ राजाच्या ओंजळीत पाणी ओततो ती. वरून एक पुंजका सुटून आला आणि सरळ दिव्यावर पडला. भपकन ज्योत उठली. मी हात मागं घेतला, पण त्याआधीच सुदामभाऊनं उडी घेऊन ओलं पोतं दिव्यावर टाकलं होतं. चर्र झालं आणि संपलं. एवढा मिट्ट काळोख झाला की मला माझा हात दिसेना.

बाबा गात होते. ओवीच्या जोरात त्यांना ते चर्र ऐकू गेलं नाही. बाकीच्यांनी श्वास धरला होता, कापसाला कुठं ठिणगी लागली का ते पाहत. लागली नव्हती. ओवी संपली. कोणीच हूं म्हटलं नाही. बाबा पानावर वाकले असणार, कारण त्यांचा श्वास मला जवळून ऐकू आला, आणि त्यांचं बोट पानावरून खरखरत पुढच्या ओळीवर येऊन थांबलं. तो आवाज मंडपात सगळ्यांना ऐकू गेला. काळोखात एक माणूस पोथी वाचायला थांबला होता.

तेव्हा मला कळलं की सगळ्यांना कळलं.

ते टोकाची वाट पाहत होते. मला पान दिसत नव्हतं. मी थांबले तर बाबा विचारणार, काय झालं म्हणून, आणि मग कोणीतरी सांगणार की बुवा, दिवा विझला. ते एक वाक्य त्यांच्या कानावर पडू नये, एवढंच मला हवं होतं. मी तोंड उघडलं, आणि शब्द आले. ‘मग तो द्वारपाळ’, एवढे. बाबांनी ते उचलले आणि ओवी पूर्ण केली. पुढचं टोकही आलं. त्याच्या पुढचंही. इतके दिवस मला वाटत होतं की मी वाचते आहे. कधीपासून मी वाचत नव्हते कोण जाणे.

आणि तिसऱ्या ओवीनंतर काळोखातून ‘हूं’ आलं. सुदामभाऊचंच. नेहमीपेक्षा हळू, पण आलं. मग तो उठला. कापसाला धरून धरून तो बाहेर गेल्याचं मला सरसर आवाजावरून कळलं. बऱ्याच ओव्यांनंतर तो शेजारच्या चुलीवरून दिवा पेटवून, ज्योतीपुढं तळहात धरून परत आला, माझ्या हातात दिवा दिला आणि आपल्या जागी बसला. बाया जाग्या होत्या, सगळ्या. एकीनंही तोंड उघडलं नाही. बाबा गात होते, राजा पाणी पिऊन त्या दिवशीही पुढं निघून गेला होता.

समाप्ती झाली. बाबांनी पोथी डोक्यावर घेऊन मारुतीला प्रदक्षिणा घातली, मायनं पुढं चालून वाट दाखवली. सुदामभाऊनं नवी घंटा बांधली. नव्या पोथीचं नाव त्यानं काढलं नाही, पण जुनीचंही काढलं नाही. संक्रांतीचे तीळगूळ वाटून झाले आणि मी गाडीत बसले. बाबा दरवाजाला हात धरून उभे होते. भलतीकडंच पाहत होते. माझी गाडी ज्या बाजूनं गेली त्या बाजूला त्यांचं तोंड नव्हतं, आणि मला ओरडून सांगवेना.

अलीकडं माझ्याही डोळ्यांपुढं धुकं येतं. मुलगा म्हणतो, चष्मा आणू. आणील. पोथी माझ्याकडं आली ती बाबा आणि माय दोघंही गेल्यावर. तिला मी बाबांच्या नेमाप्रमाणं दिवाळीनंतरच फडक्यातून सोडते. काही वर्षं सोडली नाही. मुलं लहान होती, दुखणी होती, आणि एकदोनदा नुसताच कंटाळा होता, तोही खराच. सोडली की पाटावर ठेवते आणि मी पूर्वीच्या बाजूलाच बसते. पान समोरच्या जागेकडं सुलटं असतं. ती जागा मी मोकळी ठेवते. तशी ठेवायचं काही ठरवलेलं नव्हतं, तसंच बसणं होत गेलं. परवा इंदू येऊन बसली ती त्याच जागी. तिच्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायचं तर पुढचं सांगावं लागेल.

बार्शीटाकळीला गेले त्या वर्षी दिवाळीनंतर माझं कशात लक्ष लागेना. भाकरी करपायची. सासूबाईंनी विचारलं तर डोकं दुखतं म्हणायची. तिकडं पोथी लागली असेल की नसेल. लागली असेल तर बाबा कुठल्यातरी ओवीशी अडून बसले असतील आणि लोक एकमेकांकडं पाहत असतील. नसेल लागली, तर ते श्रोत्यांत बसले असतील आणि पाटापुढं नवा पुराणिक असेल. यातलं काय कमी वाईट, हे मला ठरवता येत नव्हतं. माहेराहून काही निरोप नव्हता.

पौषात एका दुपारी दारात बैलांच्या चांदीच्या घंटा वाजल्या. सुदामभाऊ होता. अकोल्याकडं भाव बरा म्हणून गाड्या घेऊन निघाला होता आणि माझ्यासाठी वाट वाकडी करून आला होता. मायनं दिलेली शेवंतीची रोपं त्यानं ओल्या फडक्यातून काढली, सासऱ्यांशी कापसाचं बोलणं केलं, पाणी प्याला. मला विचारायचा धीर होत नव्हता. तो निघाला तेव्हा मी गाडीपर्यंत गेले.

“भाऊ, पोथी लागली?”

“लागली ना. मी निघालो त्याच्या आदल्या राती द्वारपाळाचा अध्याय झाला.”

“कोन वाचते?”

“कोन म्हंजे? बुवाच वाचतेत. दुसरं कोन वाचीन?” तो जू उचलत म्हणाला. “आता दिवाबी नाई लावत आमी. कापसाले धोका काहून?”

मी तिथंच उभी राहिले. “मंग टोक कोन देते?”

त्यानं माझ्याकडं असं पाहिलं की मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं आहे.

“आमी देतो. जो बसला असंन तो देते. बाया देतेत, मी देतो.” तो गाडीवर चढला आणि कासरा ओढला. “इतकी सालं आमी काय बहिरे बसलो होतो का व?”